सुभद्रेची झोप

गेल्या पावसाळ्यात एक आई माझ्यासमोर येऊन बसली. मुलगा नववीत. गणितात दोन चाचण्यांत नापास, घरात कुणाशी धड बोलत नाही, रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइल. मी तिला मुलाबद्दल विचारत होते आणि ती मला स्वतःच्या गरोदरपणाबद्दल सांगत होती. आठवा महिना लागेपर्यंत ती कंपनीत दुसऱ्या पाळीला जायची. उभ्याने काम, रात्री साडेअकराला घरी, मग स्वयंपाकघर आवरणं. धाकट्या जावेने गर्भसंस्काराचा वर्ग लावला होता, हिला जमला नाही. जावेचा मुलगा स्कॉलरशिपच्या यादीत आला. "मॅडम, माझं तेव्हाच चुकलं हो. आता काय करून काय उपयोग?" हातातल्या रुमालाची घडी ती उलगडत होती, परत घालत होती, पुन्हा उलगडत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, प्रश्न तिचाच आहे.)

शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करताना पूर्वी आया विचारायच्या, "मुलगा असं का वागतो?" गेल्या काही वर्षांत त्यांपैकी बऱ्याच जणी विचारतात, "मी पोटुशी असताना काय कमी पडले?" हा बदल आपोआप झालेला नाही. गर्भसंस्काराचे वर्ग, पुस्तकं, सीडी, आता ॲप, यांचा आपल्याकडे मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. पुण्यात आणि ठाण्यात तो आहेच, तालुक्याच्या गावीही पोचला आहे. त्याचा मुख्य दावा असा, की मुलाची बुद्धी, स्वभाव आणि चारित्र्य नऊ महिन्यांत घडवता येतं आणि ते घडवणं आईच्या हातात असतं. हा दावा खोटा आहे. आणि तो निरुपद्रवीही नाही, हे मला जास्त जोर देऊन सांगायचं आहे.

गरोदर बाईने गाणं ऐकावं, चांगलं वाचावं, प्राणायाम करावा, स्तोत्रं म्हणावीत, यातल्या कशालाही माझा विरोध नाही. तिला बरं वाटतं, एवढं कारण पुरे. 'डोहाळे' हा आपला शब्द 'दोहद' या जुन्या शब्दावरून आला, आणि चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत गर्भिणीच्या इच्छा पुरवाव्यात असं सांगितलेलं आहे. तिला काय खावंसं वाटतं, कुठे जावंसं वाटतं, हे घराने विचारायचं असा तो रिवाज. आजच्या वर्गात दिशा बदलली. घराने तिच्यासाठी काय करायचं ते मागे पडलं आणि तिने बाळासाठी काय काय करायचं याची यादी पुढे आली. पहाटे उठणं, मंत्र, गणिताची कोडी, थोरांची चरित्रं, आणि दिवसभर मनात वाईट विचार न येऊ देणं. नऊ महिने मनात एकही वाईट विचार येऊ न देणं कुणाला साधलं आहे?

या मंडळींचा पहिला पुरावा अभिमन्यू. अर्जुन सुभद्रेला चक्रव्यूह समजावून सांगत होता, पोटातला अभिमन्यू ऐकत होता, बाहेर पडायची रीत येण्याआधी सुभद्रेला झोप लागली, ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. पण महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू युधिष्ठिराला स्वतःच सांगतो, की व्यूह फोडून आत शिरण्याची विद्या मला वडिलांनी दिली आहे, संकट आलं तर बाहेर पडणं मात्र मला जमणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात त्या प्रसंगी गर्भातल्या श्रवणाचा उल्लेख नाही. आईच्या पेंगण्याची गोष्ट लोकपरंपरेतली आहे. गोष्ट म्हणून ती सुंदर आहे, पण तिच्यात पोराच्या मरणाचा ठपका कोणावर येतो ते पाहा. डुलकी लागलेल्या गरोदर बाईवर.

दुसरा पुरावा 'विज्ञाना'चा. "मेंदूची ऐंशी टक्के वाढ पोटातच होते" हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे, की ते कुठून निघालं याचा माग लागत नाही. नवजात बाळाच्या मेंदूचं वजन साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅम असतं, प्रौढ माणसाचं तेराशे-चौदाशे. म्हणजे जन्माच्या वेळी मेंदू पाव ते तिसरा हिस्सा. ऐंशी टक्क्यांच्या आसपास तो पोचतो मूल साधारण दोन वर्षांचं होता होता. मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्माआधी तयार झालेल्या असतात हे खरं. पण बुद्धी, भाषा, स्वभाव ज्यांच्यावर उभे राहतात त्या पेशींमधल्या जोडण्यांचं मोठं काम जन्मानंतर, माणसांच्या सहवासात होतं.

बाळ पोटात ऐकतं, हेही खरं आहे, आणि ते किती ऐकतं हे मोजलेलं आहे. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते आवाजाला प्रतिसाद देतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात अँथनी डीकॅस्पर या मानसशास्त्रज्ञाने १९८० साली नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि ती टेपरेकॉर्डरला जोडली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. एक-दोन दिवसांची बाळं आईचा आवाज ऐकू येईल अशा लयीत चोखू लागली. १९८६ मध्ये त्याने आणि मेलनी स्पेन्सने पुढचा प्रयोग केला. गरोदर बायकांनी शेवटचे सहा आठवडे लहान मुलांची एक गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर बाळांना तीच गोष्ट ऐकायला आवडली, आणि दुसऱ्या बाईने वाचली तरी आवडली. ओळखीची होती ती गोष्टीची लय.

मला हा प्रयोग फार आवडतो. जगात येण्याआधीच बाळाला आपल्या माणसाचा सूर ओळखीचा होतो, ही गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला फुगवायची गरज नाही. पण बाळ सूर ओळखतं, अर्थ नाही. पोटाच्या भिंतीतून आणि पाण्यातून आवाज पोचतो तो दबलेला. भिंतीपलीकडे माणसं बोलतात तेव्हा आपल्याला जसं चढ-उतार कळतात पण शब्द कळत नाहीत, जवळपास तसं. शिवाय शेवटच्या महिन्यांत बाळ बहुतेक वेळ झोपलेलं असतं. माझ्या भाचीच्या डोहाळजेवणात तिच्या मैत्रिणीने तिला पोटाला बांधायचे हेडफोन दिले. हिरवी साडी, फुलांची वाडी आणि त्यावर तो काळा पट्टा. "मावशी, किती वेळ लावायचा गं?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, तू दिवसभर बोलतेस ना, भाजीवाल्याशी, आईशी, नवऱ्याशी, तेवढं त्याला पुरतं. आईचा आवाज तिच्या हाडा-मांसातून थेट पोचतो, त्याला यंत्र लागत नाही.

मोझार्टचं संगीत ऐकवलं की मूल हुशार होतं, ही समजूतही आपल्याकडे याच वाटेने आली. त्याचं मूळ १९९३ सालच्या 'नेचर'मधल्या एका छोट्या निबंधात आहे. प्रयोग झाला होता ३६ कॉलेज विद्यार्थ्यांवर. गर्भावर नाही, बाळावर नाही. आकार मनात फिरवून पाहण्याच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवण्यासाठी सरकारी पैसे मागितले. अशा समजुतीला शिकलेली माणसं बळी पडतात, कारण आपल्या मुलासाठी काही राहून जाऊ नये ही भीती सगळ्यांनाच असते.

यावर हमखास येणारा प्रश्न असा: "समजा फायदा नाही झाला, नुकसान तर नाही ना?" नुकसान आहे. ते रुमालाची घडी घालत माझ्यासमोर बसलं होतं.

विज्ञानाचं नाव घेऊन आईला आरोपी करण्याची किंमत जगाने एकदा मोजली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वमग्न मुलांच्या आयांना अमेरिकेत 'फ्रिजसारख्या थंड' म्हटलं गेलं. आईने माया केली नाही म्हणून मूल स्वतःत मिटलं, असा सिद्धांत. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी या सिद्धांताचा पाया खोडून काढला होता. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांनी स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला. पण मधल्या काळात कित्येक आयांना सांगितलं गेलं, की तुमच्या लेकराची ही दशा तुम्ही केलीत. त्या बायका काय सोसून गेल्या असतील, हे मला माझ्या खोलीत बसून थोडंफार कळतं. आपल्याकडे मूल उशिरा बोललं, मतिमंद निघालं, हट्टी निघालं, की सासरचं पहिलं बोट सुनेच्या गरोदरपणाकडे वळतंच. गर्भसंस्काराने त्या जुन्या बोटाला शास्त्राचा आधार मिळवून दिला.

गर्भात काहीच घडत नाही, असं मी म्हणत नाही. फार महत्त्वाचं घडतं. म्हणूनच तिथे खरी गरज कशाची आहे हे नीट सांगितलं पाहिजे. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत मिटते. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं, वर्गात नाव घालणं तर लांबच. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आधी ही नळी नीट न मिटलेलं मूल झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक आम्ल दिलं गेलं आणि पुन्हा तो दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. ही गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. बौद्धिक अपंगत्वाची जी कारणं टाळता येतात त्यांत गर्भारपणातली आयोडीनची कमतरता अग्रभागी आहे, आणि तिच्यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ च्या पाहणीत, देशातल्या ५२ टक्के गरोदर बायका रक्तक्षयी आढळल्या. मुंबईतल्या १,२१७ बायकांच्या अभ्यासात, जो २००४ साली प्रसिद्ध झाला, मशेरी आणि धुराविना तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. आपल्या खेड्यांत कितीतरी बायका पहाटे चुलीपाशी बसून मशेरी लावतात, कारण पोटात भूक असते आणि कामं पुढे उभी असतात.

ताणाचंही तसंच आहे. आईचा ताण बाळापर्यंत पोचतो हे खरं, पण तो ताण येतो कुठून? कॅनडातल्या क्विबेकमध्ये १९९८ च्या जानेवारीत बर्फाच्या वादळाने वीज गेली, काही घरांत ती आठवडेच्या आठवडे आली नाही. सुझान किंग यांनी त्या काळात गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी जास्त हाल प्रत्यक्ष सोसले, त्यांची मुलं दोन वर्षांची असताना भाषेत आणि आकलनात थोडी मागे दिसली. त्या बायकांना वीज हवी होती, ऊब हवी होती, मदत हवी होती. बीडहून ऊसतोडीला गेलेली आणि आठव्या महिन्यात मोळी डोक्यावर घेणारी बाई, नवऱ्याचा मार खाणारी बाई, दुसऱ्या पाळीहून येऊन भांडी घासणारी बाई, यांना "मन प्रसन्न ठेवा" असं सांगणं मला निर्दय वाटतं. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आणखी एक आकडा असा, की महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी गरोदर होतात तेव्हा त्यांची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते.

आणि नऊ महिन्यांत सारं ठरून जात असतं, तर पुढचं काही घडायलाच नको होतं. रुमानियात चाउशेस्कूच्या राजवटीनंतर अनाथालयांत हजारो मुलं सापडली. बुखारेस्टमधल्या अशाच अनाथालयांतल्या १३६ बाळांचा अभ्यास या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाला. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत दिली गेली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, भाषा, माणसांवरचा विश्वास सुधारला, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांचा जास्त सुधारला. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅग्रेगर यांनी वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर काम केलं. त्यांतल्या काही घरांत आठवड्यातून एकदा, तासभर, एक आरोग्यसेविका जायची आणि घरातल्याच डब्या-बाटल्यांची खेळणी करून मुलाशी कसं खेळायचं हे आईला दाखवायची. दोन वर्षं एवढंच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, सेविका ज्यांच्याकडे गेली नाही त्यांच्यापेक्षा सुमारे पंचवीस टक्के जास्त भरली.

आपल्याला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं ही शिकवायची साधनं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथून आला. त्यांनी कुठल्याही आईला तिच्या गरोदरपणाचा जाब विचारला नाही. पोर समोर आहे, त्याच्याशी आज काय करायचं, एवढंच त्यांनी पाहिलं.

किशोरवयाबद्दल तर बोललंच पाहिजे, कारण माझ्याकडे येणारी मुलं त्याच वयाची असतात. मेंदूची दुसरी मोठी उलथापालथ या वर्षांत होते. न लागणाऱ्या जोडण्या छाटल्या जातात, लागणाऱ्या घट्ट होतात, आणि कपाळामागचा जो भाग धोका तोलतो, उतावळेपणाला लगाम घालतो, तो सगळ्यांत शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत पक्व होतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. एकट्याने खेळताना तेरा ते सोळा वर्षांची मुलं बऱ्यापैकी सांभाळून खेळली. मित्र बघायला उभे राहिले तेव्हा त्यांनी खूप जास्त धोके पत्करले. प्रौढांवर मित्रांचा असा परिणाम झाला नाही. या वयातल्या मुलाला चुकायला जागा लागते, आणि चुकल्यावर परत यायला दार उघडं लागतं. आपण त्याला काय देतो? पहाटे पाचचा क्लास, रात्री नऊचा क्लास आणि मार्कांवरून ठरणारं घरातलं स्थान. २०२१ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. या मुलांच्या आयांनी गरोदरपणी कोणती स्तोत्रं ऐकली होती, हा प्रश्न विचारायची माझी छाती होणार नाही.

अभिमन्यूही सोळाच वर्षांचा होता. बाहेर पडता येत नाही, हे त्याने आधी सांगितलं होतं. तू वाट फोड, आम्ही मागून येतो, असं मोठी माणसं म्हणाली, आणि जयद्रथाने त्यांना दारातच अडवलं. सुभद्रा त्या सभेत नव्हती.

त्या आईच्या मुलाशी मी चार वेळा बोलले. पहिल्या वेळी तो टेबलाच्या कडेवरचं सोललेलं लाकूड नखाने उचकत बसला. तिसऱ्या वेळी बोलला. सातवीपर्यंत मराठी माध्यम, आठवीत सेमी इंग्रजी. गणित त्याला येत होतं, गणितातले शब्द येत नव्हते. विचारलं तर वर्गात हसतील म्हणून विचारलं नाही, आणि वर्षभरात तो अशा ठिकाणी पोचला की विचारायचं काय हेही कळेना. त्याच वर्षी आजोबा गेले, ज्यांच्याजवळ तो झोपायचा. घरात कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोललं नव्हतं. गणिताच्या सरांनी त्याला मधल्या सुट्टीत मराठी-इंग्रजी शब्दांची वही करून दिली. वडिलांनी रविवारी त्याला घेऊन आजोबांच्या शेतावर जायला सुरुवात केली. सहामाहीत त्याला गणितात सत्तेचाळीस मिळाले. मोबाइल अजून सुटलेला नाही. पण तो जेवायला सगळ्यांबरोबर बसतो.

त्या आईला मी सांगितलं ते इथेही लिहिते. ताई, त्या नऊ महिन्यांत तुम्ही उभ्याने काम करून घर चालवत होतात. तुमच्याकडून काही चुकलेलं नाही.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी कुणाच्या डोहाळजेवणाला जाल तेव्हा तिच्या हातात यादी देऊ नका. लोहाच्या गोळ्या मिळतात का, त्या सोसतात का, हे विचारा. तिच्या वाट्याचं एखादं काम नवऱ्याकडे द्या. बाळ झाल्यावर रोज तासभर त्याला कोण घेणार हे आधीच ठरवा. तिला आवडत असेल तर गाणं लावा, गोष्ट वाचून दाखवा. आणि ऐकता ऐकता तिचा डोळा लागला, तर तिला उठवू नका.